चांदीचं पाणी आणि कुंडातले देव

सोन्याचा धूर निघायचे दिवस लोक सांगतात, ते काही मी पाहिले नाहीत. चांदीचा धूर मात्र पुष्कळ पाहिला. भोरच्या दवाखान्यात औषधं घोटायची एक खोली होती. तिच्या खिडकीशी काचेची बरणी असायची, तिच्यात तो निघायचा. अजूनही दुपारी जेवल्यावर डोळा लागला की ती बरणी समोर येते. ऊन तिरपं आलेलं असतं, पाणी अगदी स्तब्ध असतं, आणि चांदीच्या पट्टीवरून एक बारीक धुरकट धागा सुटून सावकाश खाली उतरत असतो. मी नुसता बघत राहतो. मग घरातलं कुणीतरी चहाला हाक मारतं आणि सगळं विरून जातं.

मी कंपाउंडर होतो. ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिक्श्चर ढवळायचं, बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी डकवायची, मलम घोटायचं आणि डॉक्टरांचा राग पेशंटच्या आधी आपण झेलायचा, हे त्याचं काम. माझी उमर त्यात गेली. पण आयुष्यात काय केलंत असं कुणी विचारलं तर मी मिक्श्चरचं नाव काढत नाही. पाण्यात चांदी मिसळली, असं सांगतो. ऐकणारा माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. बघू दे.

ही दुसरं महायुद्ध पेटण्याच्या आधीची वर्षं. भोर तेव्हा संस्थान होतं. आमचे डॉक्टरसाहेब विलायतेला जाऊन आले होते आणि येताना एक खूळ घेऊन आले होते. खूळ हा शब्द माझा नाही, त्यांच्या घरच्यांचा. तिकडे म्हणे पाणी शुद्ध करायला चांदी वापरायला लागले होते. आता चांदीच्या भांड्यातलं पाणी नासत नाही हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तान्ह्या बाळाला चांदीच्या बोंडल्यानं दूध पाजतात ते काही नुसतं मिरवायला नाही. पण तिकडच्या लोकांनी चांदी विजेच्या जोरावर पाण्यात उतरवली होती, आणि साहेबांना ते भोरात करून बघायचं होतं.

कृती साधी होती. बरणीत वाफेचं पाणी घ्यायचं, म्हणजे उकळून त्याची वाफ धरून पुन्हा थंड केलेलं. त्यात दोन चांदीच्या पट्ट्या समोरासमोर सोडायच्या. पट्ट्या आमच्या सोनाराने घडवलेल्या, जराही हीण नसलेल्या. त्यांना बॅटरीच्या तारा जोडल्या की सुरुवातीला काहीच होत नाही. माणूस कंटाळतो, उठून खलबत्त्याकडे जातो, आणि परत येऊन बघतो तर एका पट्टीवरून तो धूर सुटलेला. कण इतके बारीक की ते तळाशी बसत नाहीत आणि वरही येत नाहीत. पाणी फक्त किंचित पिवळसर दिसतं, तेही उन्हाच्या बाजूनं पाहिलं तर.

या पाण्याचे नखरे फार. नीरा नदीचं पाणी घेऊन केलं तर ते पातळ ताकासारखं होऊन वाया जायचं. उन्हात राहिलं तर काळवंडायचं. म्हणून बाटल्यांना काळं फडकं गुंडाळून ठेवत असू. घागरीत एक माप घालायचं, वर झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं, कारण चांदीला घाई चालत नाही. संध्याकाळी घातलं तर सकाळी प्यायचं. माझा स्वभाव मुळात तापट, पण त्या बरणीपुढे मी निवांत होत असे. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "चांदी पाण्यापेक्षा तुझ्यावरच जास्त काम करते."

आमचा आधीचा उपाय म्हणजे विहिरीत टाकायचं लाल औषध. औषध गुणाचं होतं, पण त्यानं पाणी गुलाबी व्हायचं. उत्रोलीच्या बायका ते पाहून घागरी रिकाम्याच घेऊन माघारी फिरल्या. "हीर भायेरची झालीया," म्हणाल्या, म्हणजे विटाळशी. ती विहीर शिवायलाही कुणी तयार नव्हतं. चांदीच्या पाण्याला रंग नाही, वास नाही, शिवाय चांदी म्हणजे देवघरातली वस्तू. त्यामुळे ते लोकांनी पटकन घेतलं. जरा जास्तच पटकन घेतलं म्हणा. आंबवड्याचे एक गृहस्थ टकलाला चोळायला बाटली मागायला आले. सारोळ्याच्या पुलाजवळ एकाचं चहाचं दुकान होतं. त्याने माझ्याकडून बाटली नेली आणि "चांदीच्या पाण्याचा चहा" म्हणून पाटी लावली. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, तू पाणी उकळतोसच, त्यात चांदी कशाला? तो म्हणाला, "उकळल्यालं दिसत न्हाई हो कुनाला. चांदी म्हनलं की गाडीवान थांबतोय." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. चहा चांगला होता.

एका उन्हाळ्यात वेल्ह्याच्या बाजाराला पटकी आली. आताची मुलं कॉलरा म्हणतात. सकाळी बाजारात हिंडणारा माणूस संध्याकाळी नसायचा. डॉक्टरसाहेबांनी वेल्ह्याखाली नदीकाठी छावणी उभारली. तिथे मोठ्या हंड्यांतून पाणी उकळून द्यायची सोय केली, आणि ठरवलं की ज्या वस्तीचं पाणी खराब असेल तिनं साथ संपेपर्यंत छावणीत यायचं. विचार चांगला होता. वरच्या वाड्यांचं पाणी बघायला त्यांनी मला पाठवलं. खांद्याला पेटी, पेटीत काळ्या फडक्यातल्या बाटल्या आणि एक काचेचा पेला, असा मी तोरण्याच्या एका सोंडेवर धनगरांच्या वस्तीला जाऊन पोचलो.

त्या चढणीचं मला फार थोडं आठवतं. पायाखाली वाळलेलं गवत होतं, खालच्या खोऱ्यावर धुरकट पांढरा पडदा होता आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा कुठून वाजताहेत ते कळत नव्हतं. आवाज यायचा, मेंढरं दिसायची नाहीत. मग एकदम दिसली. सगळी पाण्यात उभी होती.

खडकात खोदलेलं जुनं कुंड होतं ते. उन्हाळ्यात त्या वस्तीला तेवढंच पाणी. एका कडेनं मेंढरं पोटापर्यंत उतरलेली, दुसऱ्या कडेला एक बाई बाळुती धूत होती, आणि तिसऱ्या कडेला एक म्हातारी कळशी भरत होती. पाण्याचा रंग शेवाळाचा. मी पेला भरून उन्हात धरला तर पलीकडचं काही दिसेना.

"कोन तुमी?" म्हातारीनं विचारलं. तिचं नाव ठकूबाई, वस्तीतली सगळ्यांत वडील.

"भोरच्या दवाखान्यातून आलोय, आजी."

"हितं कुनी आजारी न्हाई."

"होऊ नये म्हणूनच आलोय."

मी पेल्यात चांदीचं पाणी ओतून दाखवलं. पाणी आणखी गढूळलं, तसंच राहिलं. मी तिला समजावून सांगितलं की चांदी पाण्यातलं विष मारते, पण पाण्यात घाण असली की तिची सगळी ताकद त्या घाणीवरच खर्च होते. आणि कुंडभर पाण्याला पुरेल एवढी चांदी काही माझ्या पेटीत नव्हती. मग छावणीचं सांगितलं.

ठकूबाईनं कळशी खाली ठेवली. बाळुती धुणारी तिची धाकटी सून होती. सुनेची तान्ही मुलगी खडकाच्या सावलीत घोंगडीवर निजली होती. म्हातारीनं त्या दोघींकडे बोट केलं.

"मागल्या साथीला आमी समदी खाली गेल्तो. शानी मानसं म्हनली, चला, म्हून गेलो. मालक आन् थोरला ल्योक, दोगं बी तितंच ऱ्हायलं. नदीचं पानी प्यालं. म्या धाकट्याला आन् मेंढरं घिऊन वर आली. आता ही सून हाय, आन् ही तानी. ह्यास्नी म्या खाली न्यायची न्हाई, दादा. काय बी करा."

"आता छावणीत पाणी उकळून देतात, आजी."

"तवा बी कायबाय देतच व्हते."

साहेबांचा हुकूम मला मोडता येत नव्हता आणि तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की पुढच्या बाजाराच्या सुमारास साहेब स्वतः येतील. तोवर पाणी नितळ झालं तर वस्ती वर राहील, नाही तर सगळ्यांना उतरावं लागेल. मी पेटी बांधत होतो तेव्हा तिनं विचारलं, "कुटली बी चांदी चालती व्हय?"

"हीण नसलेली पाहिजे. शुद्ध."

"आमची शुद्दच हाय," ती म्हणाली. तिच्या हातात कथलाच्याच बांगड्या होत्या. मला वाटलं, म्हातारी असंच बोलते आहे.

खाली वेल्ह्याला साथ वाढतच गेली. छावणीत उकळलेलं पाणी होतं, तरी माणसं नदीवर जायचीच. सवय तुटत नाही. साहेब झोपायचे कधी ते मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची हौस सगळी उतरली होती. अशात आम्ही दोघं एका पहाटे त्या सोंडेवर चढलो. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की आज ठकूबाईला खाली आणावं लागणार, आणि ती मला शिव्या देणार, आणि त्या मी ऐकून घेणार.

वर पोचलो तो ऊन नुकतं कुंडावर आलं होतं. आधी मला जागाच चुकल्यासारखी वाटली. मेंढरांचा मागमूस नव्हता. कुंडाच्या कडेनं करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण घातलेलं होतं. एका जागी वाट मोकळी सोडली होती आणि तिथे बायका अनवाणी रांगेत उभ्या होत्या. एकच बाई घासलेल्या कळशीनं पाणी काढून बाकीच्यांच्या कळश्यांत ओतत होती. मेंढरांसाठी दूर खाली खडकाच्या खोलगट भागात पाणी नेऊन ओतलेलं होतं. आणि कुंडातलं पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं.

तळाशी देव होते. प्रत्येक घराचे टाक, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या मूर्ती, सगळे आणून तळच्या खडकावर मांडले होते. बिरोबा होता, जानाई होती, खंडोबा होता. पाणी हललं की उजेड त्यांच्या अंगावरून सरकायचा आणि ते जागे झाल्यासारखे दिसायचे. मी एवढी वर्षं काचेच्या बरणीत चांदी पाहिली, पण अशी नाही पाहिली. किती वेळ उभा होतो कोण जाणे. आताही लिहिताना मला शंका येते की हे मी पाहिलं की दुपारच्या झोपेत रचलं. पण डॉक्टरसाहेब शेजारी होते, त्यांनीही पाहिलं.

संकट आलं की देव पाण्यात घालून बसायचं ही आपली जुनी रीत. घरात परातीत घालतात. संकट टळलं की बाहेर काढून पूजा करतात. ठकूबाईनं माझं चांदीचं सांगणं ऐकलं, तिच्या घरात असलेली एकुलती एक चांदी आठवली, आणि रीत व औषध एकत्र केलं. तिचं पाहून सगळ्या वस्तीनं आपले देव कुंडात उतरवले. आणि देव आत बसल्यावर त्या पाण्यात पाय कोण घालणार? बाळुती कोण धुणार? मेंढरू कोण सोडणार? गाळ आपोआप खाली बसला होता.

साहेब कुंडाच्या कडेला बसले. बूट आधीच काढले होते, कुणी सांगायला लागलं नाही. त्यांनी पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरलं, वास घेतला, आणि मग बराच वेळ नुसते तळाकडे बघत राहिले.

"देव किती दिवस ठेवणार पाण्यात?" त्यांनी विचारलं.

"साथ सरंस्तवर," ठकूबाई म्हणाली.

"आणि तोवर कुणी पाय घालणार नाही?"

"देवाच्या डोस्क्यावर पाय द्यायला आमी काय येडी हाव, सायेब?"

साहेब हसले. मला वाटतं त्या साथीत मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं. पण लगेच निर्णय दिला नाही. वस्ती वर ठेवली आणि पाणी दगा देऊन गेलं, तर ते त्यांच्या नावावर होतं. सून तान्हीला छातीशी धरून उभी होती आणि त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. अखेर ते उठले. "राहा वर," म्हणाले. "खालून कुणी आलं तर त्याला लांबूनच पाणी द्यायचं. कुंडाजवळ येऊ द्यायचं नाही."

उतरताना मी खुशीत होतो. म्हटलं, "साहेब, चांदीनं काम केलं."

"एवढ्या पत्र्यांनी एवढं कुंड शुद्ध होत नाही, तुला ठाऊक आहे."

"मग कशानं झालं?"

"पाण्यातून पाय निघाले," ते म्हणाले. "माणसांचे आणि मेंढरांचे."

मी रुसलो. खरं काय ते आजही मला ठरवता येत नाही. थोडी चांदीही असेलच की. पुढे युद्ध लागलं, बॅटऱ्या मिळेनात, पांढऱ्या उग्र भुकटीचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, डबे आले. ती स्वस्त होती, झटपट काम करायची, आणि विहिरीला तिचाच वास सुटायचा. बरणी फळीवर गेली. पट्ट्या सोनाराकडे परत गेल्या. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. भुकटीनं चांदीपेक्षा जास्त माणसं वाचवली असतील, पण तिच्यापुढे बसून राहावंसं कधी वाटलं नाही.

त्या उन्हाळ्याचं मात्र थोडं सांगायचं राहिलं. साथ ओसरली. वेल्ह्याच्या खोऱ्यात फार घरं रिकामी झाली. सोंडेवरच्या वस्तीत एकही माणूस गेलं नाही. देव काढायचा दिवस ठरल्याचा निरोप आला तेव्हा मी रजा टाकून एकटाच वर गेलो. इतके दिवस पाण्यात राहून टाक काळे पडले असणार हे मला माहीत होतं, म्हणून रिठे फोडून बरोबर घेतले होते.

ठकूबाईचा धाकटा मुलगा आंघोळ करून, कुंडाला नमस्कार करून पाण्यात उतरला. एकेक टाक काढून वर देऊ लागला. ज्या घरचा त्या घरची बाई पदर पसरून घ्यायची. टाक खरंच काळे झाले होते. बायकांचे चेहरे उतरले. मी म्हटलं, घाबरू नका, चांदीचं असंच असतं, आणि रिठ्याच्या पाण्यात धुऊन एक खंडोबा लखलखीत करून दाखवला. मग माझ्याभोवती गर्दी झाली. मी देव धूत होतो आणि बायका हसत होत्या. असा मान मला दवाखान्यात कधी मिळाला नाही.

ठकूबाईनं बिरोबा दिला, जानाई दिली. दोन्ही मी चकचकीत करून तिच्या हातात ठेवले. तरीही तिची एक मूठ मिटलेलीच होती.

"तोही द्या, आजी."

तिनं मूठ उघडली. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला एक छोटा स्वार होता. अगदी काळा पडलेला.

"हा कुठला देव?"

"द्येव न्हाई," ती म्हणाली. "थोरला ल्योक हाय माजा."

तेव्हा मला आठवलं. घरचा कर्ता पोरगा अवेळी गेला की त्याचा असा वीर करून देवांच्या पंगतीत बसवतात.

"पानी पिऊनच मेला त्यो. म्हून त्याला पान्याच्या मदोमद बसीवला. म्हनलं, तुज्या भावाची पोर हाय, राख तिला." तिनं त्या स्वाराच्या तोंडावरून बोट फिरवलं. "जित्ता व्हता तवा येक सबुद आयकला न्हाई माजा. आवंदा आयकला."

मी हात पुढे करूनच होतो. तिनं टाक दिला नाही. पदराच्या टोकात बांधला आणि गाठ मारली.

"ऱ्हाऊ द्या त्याला काळाच, दादा," ती म्हणाली. "कष्ट केल्यालं दिसू द्या."

सून तान्हीला घेऊन जवळ आली. पोर जागी होती, म्हातारीच्या पदराची ती गाठ ओढत होती. मी खाली बघून रिठ्याचं पाणी खडकावर ओतून दिलं. मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.